नावाने आलेली हाक

"भागोजी… भागोजी…" अशी आर्त हाक तिवरांच्या दाट झाडीतून आली, तेव्हा खाजणात भरतीचे पाणी वेगाने चढत होते. भागोजीने होडी तिकडे वळवली. परंतु सोबतच्या चुलत्याने त्याचे वल्हे धरले.

"ओ देऊ नकोस. चिखलातून नावानं बोलावतो तो गिऱ्हा. ओ दिलीस की ओढलाच तुला."

"आवाज हिचा वाटतो, काका. शिंपल्या काढायला इकडेच आलीय ती."

"खुळ्या, लग्नातला उखाणा सोडला तर बायकोनं तुझं नाव कधी घेतलंय?"

ते भागोजीला पटले. हाक आणखी दोनदा आली, मग थांबली.

ओहोटीनंतर ती गळ्यापर्यंत चिखलात रुतलेली, निष्प्राण सापडली. मरणाच्या दारात तिने जन्माची रीत मोडली होती. भागोजीने तिच्या गार कानाशी तोंड नेले आणि "ओ" दिली.