शरण्याच्या डोळ्यांचा मुहूर्त

डॉक्टर नित्यांनी लाल चेंडू शरण्याच्या तोंडासमोर धरला आणि हळूच डावीकडे नेला. जाड भिंगांआडून मोठे दिसणारे डोळे तिकडे गेले नाहीत. ते आपल्याच नादात थरथरत राहिले. मग डॉक्टरांनी खुळखुळा वाजवला, तेव्हा मात्र पोरीनं झटकन मान वळवली आणि बोळकं पसरून हसली.

"बघितलं! बघितलं तिनं!" आजोबा राजगोपालराव ओरडलेच.

"ऐकलं तिनं, अय्या," डॉक्टर तमिळ रीतीनं आदरानं म्हणाल्या.

कुंभकोणमच्या बाजारात रावांचं जवळच्या नाचियार्कोविल गावच्या पितळी समयांचं दुकान होतं, पण त्यांची खरी ओळख म्हणजे चालतंबोलतं पंचांग. खरं तर दोन पंचांगं. भिंतीवर तमिळ, देव्हाऱ्यात मराठी. तंजावरच्या राजांबरोबर आलेल्या घराण्यानं दोन्ही पाळायची, हा त्यांचा खाक्या. तमिळ म्हणतात आडी महिन्यात नवं काही नको, तर नको. मराठी म्हणतात पितृपंधरवड्यात नको, तर तेही नको. रावांच्या घरी चांगला दिवस उगवतो तरी कधी, अशी शेजारी थट्टा करत. रावांना त्यातही मोठेपणा वाटे.

नातीच्या बुबुळांत पांढरट दिसलं ते बारशाच्या दिवशी. दोन्ही डोळ्यांत जन्मतःच मोतीबिंदू होता. "वाट बघू नका, लगेच काढू," असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. पण आडी नुकताच लागला होता.

"मोतीबिंदू कुठें पळून जातो?" रावांनी सुनेची, सौंदर्याची समजूत घातली. "माझा चांगला पिकूं दिला, मग काढला. आतां दिसतें कीं नाही मला?"

सौंदर्याचा नवरा शशांक वडिलांपुढे तोंडच उघडत नसे. आडी सरला, तोवर पोरीला खोकला-ताप. भूल देता येईना. ती बरी झाली, तर पितृपंधरवडा लागला. राव अडून बसले ते मायेपोटीच. एवढ्याशा जिवाच्या डोळ्याला सुरी लागायची ती शुभ घटकेलाच लागावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. नवरात्रात त्यांनी स्वतः छानसा मुहूर्त काढून दिला.

"शस्त्रक्रिया उत्तम झाली. डोळे आतून स्वच्छ आहेत," डॉक्टर आता सांगत होत्या. "पण अय्या, तुमचा मेंदू बघायचं कधीच शिकला होता. पडदा काढला की तुम्हाला पुन्हा दिसायला लागलं. बाळाचा मेंदू ते पहिल्या काही महिन्यांत शिकतो. त्यासाठी उजेड आत जावा लागतो. हिला तो वेळेवर मिळालाच नाही. चष्मा लावत राहा, आपण प्रयत्न सोडायचा नाही. उजेड-अंधार कळेल. समोर मोठं काही हललं तर कदाचित कळेल. आईचा चेहरा दिसेल, असं मात्र मला सांगता येत नाही."

बाहेर आल्यावर रावांनी नातीला घ्यायला हात पुढे केले. सौंदर्यानं तिला दिलं नाही.

"मी तिचें वाईट नाही चिंतिलें, पोरी," रावांना रडू आवरेना. "चांगला दिवस पाहूनच करावें, इतकेंच मला ठाऊक."

सौंदर्यानं पोरीचा घसरलेला चष्मा नीट केला. ती वर न बघताच बोलली.

"मामंजी, गेल्या वर्षीं तुमच्या छातींत कळ आली आणि त्याच दिवशीं ऑपरेशन केलें, तोही आडीच होता. तेव्हां दिवस कसा आहे म्हणून तुम्ही विचारलें नाही."