गप्प बसलेला आवाज

पडलेल्या विमानातल्या आवाजांची फीत पुन्हा मागे नेली, तसा आईने हातातला रुमाल मुठीत आवळला.

"घाई नाही," चौकशी अधिकारी म्हणाले. "एक माइक बंद होता. दोघांचे आवाज एकातच मिसळलेत. बरोबर काम करणाऱ्यांनाही ओळखू येईनात. म्हणून तुम्हाला हा त्रास."

खरखर. मग एक आवाज : "वळण अजून पुढे आहे ना? इथे खाली डोंगर असेल."

दुसरा : "मला रस्ता शिकवू नकोस. उंची कमी कर."

"पण ही खूण..."

"गप्प बस."

पुढे चाळीस सेकंद नुसती घरघर. त्यानंतरचं अधिकाऱ्यांनी ऐकवलं नाही.

विमानाच्या यंत्रात वाटेवरच्या पुढच्या खुणेचा, म्हणजे वळायच्या जागेचा, आकडा चुकीचा भरला गेला होता. एकाने भरला, दुसऱ्याच्या ध्यानात आला, आणि तरी एकशे बारा माणसं डोंगरावर आपटली. अहवालात मुख्य दोष एकाच्याच नावावर लागणार होता. कॅप्टनच्या, नाहीतर सहवैमानिकाच्या.

"टोकणारा आवाज कोणाचा?"

सकाळी देवापुढे बसून तिने एवढंच मागितलं होतं, जिभेवर खोटं येऊ देऊ नकोस. आता ती जीभच टाळूला चिकटली होती.

"सहवैमानिकाचा," ती म्हणाली. "माझा पोरगा आहे तो. 'ना' लावल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही त्याचं."

कंपनीचे वकील खुर्चीत सरकले. "आईचं काळीज, साहेब. एकाला पाठीशी घालणार नि दुसऱ्याच्या माथी मारणार."

"पाठीशी घालायला आता उरलंय कोण, वकीलसाहेब?"



"पण कळलं होतं, तर गप्प का बसला?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "विमान वर घेता आलं असतं त्याला."

"मीच तसं वळण लावलं. मोठ्या माणसाने गप्प म्हटलं की गप्प. उलट बोलला म्हणून एकदा उपाशी निजवलाय मी त्याला."

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. "म्हणजे दोष कॅप्टनचा. असं लिहू? नीट विचार करा, बाई. हे मागे घेता येणार नाही."

तिने मुठीतला रुमाल टेबलावर ठेवला.

"लिहा."

"बाहेर कॅप्टनची बायको बसलीय. तिला आत बोलावून सांगावं लागेल."

"नका बोलावू." ती टेबलाला धरून उठली. "मीच सांगते. थोरली सून आहे माझी, परक्याच्या तोंडून कशाला ऐकायचं तिनं?"