काट्यांवरची उडी

जुन्या व्हिडिओ गेमच्या चाहत्यांनी बनवलेले अवघड, पावलोपावली काटे पेरलेले गेम नीलांबरी वडिलांच्या हळदीच्या आडत दुकानातल्या कॉम्प्युटरवर खेळायची आणि शेवट गाठल्याशिवाय त्यांचं परीक्षण लिहायची नाही. आज मात्र शेवटची उडी काही केल्या साधेना. गेममधला बाहुला ऐन वेळी उडी मारायचाच नाही आणि काट्यांवर पडून मरायचा. “ही उडी अशक्य, बनवणाऱ्यानं फसवलंय,” तिनं चिडून लिहूनही टाकलं. “काहून जीव जाळून राहिली, पोरी? सोड की,” वडील म्हणाले. “सोडीन, पण पार करून.” तिनं कीबोर्ड उलटा करून आपटला, तशी उडीच्या बटणाखालून चिमूटभर हळद सांडली. पुढच्याच डावात बाहुला पलीकडे पोचला. “झालं ना? लिही आता.” “न्हाई बाबा. अडकत्या बटणावर खेळाची पारख कशी करू?” लिहिलेलं पुसून तिनं पुन्हा पहिल्या काट्यापासून सुरुवात केली. भर उकाड्यात वडिलांनी हळद उडवणारा पंखा बंद केला.