आखाजीच्या आधी

धरणगावचे मोतीलालनाना आणि ताईबाई अमेरिकेतल्या लेकीकडे जायला निघाले होते. व्हिसाच्या खिडकीशी सातबारा हातात धरून नानांना घाम फुटला. परत येणार हे साहेबाला पटलं नाही, तर सगळंच मुसळ केरात!

साहेबाने दुभाष्या बाईंमार्फत विचारलं, "तुम्ही परत याल कशावरून?"

नानांच्या आधी ताईबाईच फणकारल्या, "म्हंजे? आखाजीना सणले लेक माहेरले येस. तवय दारले कुलूप ऱ्हाई का?"

बाई हसल्या, मग साहेबही हसला. सातबारा न बघताच त्याने व्हिसा दिला.

बाहेर आल्यावर नाना चपापले. "आपली लेक ते एकच शे. आन तिनाकडेच चालनूत ना आपन!"


"मंग? कोनी आनाले गयाबिगर लेक माहेरले येस का?"