रावसाहेबांची नजर

"आजगावकर, अहो, यांना आंधळं केलंत की!" दिवंगत रावसाहेबांचा संगमरवरी अर्धपुतळा पाहून माईसाहेबांनी डोळ्यांना पदर लावला.

ग्रीक पद्धतीत बुबुळं कोरत नाहीत, हे आजगावकरांनी परोपरीनं सांगितलं. बाई ऐकेनात. शेवटी चडफडत त्यांनी छिन्नी उचलली. पण बुबुळं अशी काही साधली, की नजर थेट अंगावरच आली. आजगावकर स्वतःवर बेहद्द खूश झाले.

आठवड्यानं माईसाहेबांचं तातडीचं बोलावणं आलं. शाल-श्रीफळ मिळणार म्हणून आजगावकर नवा कोट चढवून गेले. दिवाणखान्यात पुतळ्याच्या तोंडावर टॉवेल टाकलेला होता.

"डोळे पहिल्यासारखे करून द्या," माईसाहेब पुतळ्याकडे पाठ करून कुजबुजल्या. "हे गेल्यापासून मला जरा मोठ्यानं हसायची सवय लागली होती हो!"