तीर्थपुरीची नोंद

[रामेश्वर सांडू. गाव तीर्थपुरी. स्वतःच्या हळदीच्या दिवशी घरातून निघून गेला. आई वाट बघते. फोटो नाही.]

कल्याणनं नोंद पुन्हा वाचली आणि नंबर लावला.

जालना जिल्ह्यातल्या हरवलेल्या माणसांचा हा ऑनलाइन कोश सगळ्यांनी मिळून लिहिलेला. कुणीही भर घालावी, कुणीही दुरुस्त करावं. दिवाळीआधी जुन्या नोंदींची साफसफाई व्हायची. घरच्यांना फोन करायचा. माणूस परत आला असेल, किंवा घरच्यांनीच आशा सोडली असेल, तर नोंद काढून टाकायची. कल्याण पुण्यात बसून घनसावंगी तालुका सांभाळायचा. काम चोख. रामेश्वरचा फोटो अस्पष्ट म्हणून त्यानंच पहिल्या वर्षी काढून टाकला होता.

फोन शालूनं उचलला. ती रामेश्वरच्या धाकट्या भावाची, हरिओमची बायको. रामेश्वर गेल्यानंतर या घरात आलेली. सासूला, गोपिकाबाईंना, फोनवरचं ऐकू येत नसे.

"आला का भाऊ फोन! आमचे डबे घासून व्हायच्या आत तुमची सफाई."

"आईंना विचारा. नोंद ठेवायची ना?"

दरवर्षी शालू ओरडून विचारायची. मागून आवाज यायचा, "ठिवा म्हणावं!" आणि कल्याण पुढच्या नावाकडं वळायचा.

यंदा शालूनं विचारलंच नाही.

"काढून टाका भाऊ. बारा वर्षं उलटली की करावंच लागतं म्हणले भावकीतले. सर्वपित्रीला उरकलं. पळसाच्या पानांचा माणूस केला, ह्यांनी अग्नी दिला."

[रामेश्वर सांडू. गाव तीर्थपुरी. स्वतःच्या हळदीच्या दिवशी घरातून निघून गेला. फोटो नाही.]

"आई काय म्हणाल्या?"

"आधी बिलकुल न्हाई म्हणत होत्या. मंग उठल्या अन् पानांच्या माणसाला स्वतः हळद लावली. म्हणल्या, राह्यली होती त्याची."

कल्याणचा कर्सर नोंदीतल्या 'हळदीच्या' या शब्दावर थांबला.

"भाऊ, हाव का फोनवर?"

"हो. त्यांना राग होता का त्याचा?"

"कशाचा राग! सासरे होते तवर त्यांना होता. ह्या रोज एकच म्हणायच्या, लगीन नको तर नको, एक फोन तर लावायचा. त्या पोरीचं बी झालं की लग्न, दोन लेकरं हायेत तिला."

मागून गोपिकाबाईंनी काही विचारलं. शालू ओरडली, "ते सफाईवाले भाऊ! हो, काढा म्हणलं!"

मग ती हसून फोनमध्ये म्हणाली, "आई म्हणून राह्यल्या, सख्ख्यावानी दरसाल चौकशी केली त्यानं. एकदा जेवायला ये म्हणावं."

"बघतो," कल्याण म्हणाला आणि फोन ठेवला.

[रामेश्वर सांडू.]

नोंद काढण्याआधी कोश प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो: या माणसाशी तुमचं नातं काय?

प्रत्येक नावापुढं कल्याण सवयीनं 'काही नाही' लिहायचा. आजही लिहिलं. मग ते खोडून त्या जागी लिहिलं: मीच.