सगळं चालतंय

"बाबा, तुम्ही काय बघता, किती वेळ बघता, सगळं कंपन्यांना कळतं. नवा फोन नको, हाच स्वच्छ करून देते," म्हणत तिनं लॅपटॉपला केबल जोडली.

"कळू दे की! पेन्शनरची वामकुक्षी चोरून कोण श्रीमंत होणार?" बाबा हसले.

अख्खा रविवार खपून तिनं त्यांच्या फोनवरची कंपनीची मूळ प्रणाली काढून ओपन सोर्स प्रणाली चढवली. जाहिराती गेल्या, पाळत गेली. सोमवारी पुण्याला पोचल्यावर तिनं फोन करून विचारलं, "सगळं चालतंय ना?"

"एकदम झकास!"

गुरुवारी दुपारी इन्सुलिन घेऊन, चार घास खाऊन बाबा आडवे झाले. झोपेतच साखर उतरत गेली. दंडावरचा सेन्सर ती मोजत होता, पण धोक्याचा इशारा देणारा फोन गप्प राहिला. आई चहाला उठवायला गेली, तेव्हा ते उठले नाहीत.

तेराव्यानंतर तिनं त्यांच्या फोनवरचं साखरेचं ॲप उघडलं. 'या फोनची मूळ प्रणाली बदललेली आहे. सुरक्षेच्या कारणास्तव हे ॲप या फोनवर चालणार नाही.'

"त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं ते," आई म्हणाली. "मला म्हणाले, पोरीनं जेवणखाण सोडून केलंय. पुढच्या खेपेला आली की हळूच सांगू."